हवेवर फिरणारे मीटर

जालना शहराला पाणी दोन बाजूंनी येते. एक घाणेवाडीच्या तलावातून, ज्याला आज संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. आणि दुसरे पैठणच्या जायकवाडी धरणातून, अंबडमार्गे. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला. तो शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी उताराने चालत येते, त्याला ढकलावे लागत नाही. त्याच्याही आधी जमशेदखानाने मोतीतलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत पाणी पोहोचवले होते. तेही उतारावरचेच. म्हणजे कित्येक पिढ्या जालन्याने जे पाणी प्यायले ते आणण्याचा रोजचा खर्च जवळजवळ शून्य होता. अशा पाण्याचे माप कुणी ठेवत नाही, आणि ठेवण्याची गरजही कुणाला भासत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडी कोरडी पडली. शहर टँकरवर आले. त्यानंतर जायकवाडीच्या पाण्यावाचून गत्यंतर राहिले नाही, आणि तेव्हापासून जालन्याच्या पाण्याचे अर्थकारणच बदलले, कारण हे पाणी पंपांनी चढवून आणावे लागते. हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला निव्वळ पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते. पंप आणि मोटारीतली घट धरली की ती ०.४ युनिटच्या आसपास जाते. लांबच्या जलवाहिनीत पाइपाच्या भिंतीशी होणारे घर्षण हीसुद्धा एक चढणच असते. सपाट रानातून जाणाऱ्या पाण्यालाही ती चढावी लागते. शुद्धीकरणाचा तुरटी-क्लोरीनचा खर्च वेगळा.

या पाण्याचा व्यवहार कसा चालतो ते पाहा. विजेचे बिल युनिटवर येते. धरणातल्या कच्च्या पाण्याचे बिल घनमीटरवर येते. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण त्याचे दर ठरवते. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांनाही एमआयडीसी पाणी घनमीटरवरच विकते. घरातल्या नळापाशी आले की मात्र माप संपते. मराठवाड्यातल्या बहुतेक शहरांत घरगुती पाणीपट्टी वर्षाला ठरावीक रक्कम अशीच असते. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात ही रक्कम ४,०५० रुपये होती आणि २०२२ मध्ये ती निम्म्यावर आणली गेली. त्या वेळची सगळी चर्चा वर्षातून किती दिवस पाणी येते यावर झाली. किती लिटर येते हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्याचे उत्तर देणारे साधनच नव्हते.

२०२३ मध्ये जालन्याची नगरपरिषद जाऊन महानगरपालिका आली. महानगरपालिका झाली की मोठ्या योजना येतात, आणि केंद्र किंवा राज्याच्या पैशातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाणी योजनेत मीटरचा मुद्दा निघतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये शहरी सेवांसाठी जी मानके ठरवली, त्यांत माणशी रोज १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, प्रत्येक जोडणीला मीटर आणि बिनहिशेबी पाणी २० टक्क्यांच्या आत, अशी चार उद्दिष्टे शेजारी-शेजारी लिहिलेली आहेत. कागदावर ती शेजारी असली तरी प्रत्यक्षात त्यांना क्रम आहे, आणि तो क्रम चुकला तर मीटरवर घातलेले कोट्यवधी रुपये काही वर्षांतच गंजून जातात. तो क्रम का आहे, हे समजायचे तर मीटरच्या पोटात डोकवायला हवे.

घराच्या अर्धा इंची जोडणीला जो मीटर लावतात तो मुळात पाणी मोजतच नाही. तो फेऱ्या मोजतो. पाणी आत शिरते तेव्हा आधी एक जाळी लागते. मग ते एका छोट्या डब्यात तिरप्या भोकांतून शिरते आणि आतल्या प्लास्टिकच्या पंख्याला फिरवते. पंख्याच्या माथ्यावर लोहचुंबक असते. वरच्या कोरड्या कप्प्यातले दुसरे चुंबक त्याच्यामागे ओढले जाऊन फिरते, त्याला दातेरी चाके जोडलेली असतात आणि शेवटी आकडे सरकतात. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे हजार-हजार लिटरचे. लाल आकडे आणि छोटे काटे त्याच्या खालच्या अपूर्णांकांचे. एवढ्या फेऱ्या झाल्या म्हणजे एवढे पाणी गेले असणार, असे अनुमान त्यामागे आहे. विल्यम सीमेन्सने १८५१ मध्ये जोसेफ अॅडमसनबरोबर अशा मीटरचे पेटंट घेतले, आणि पंख्याच्या फेऱ्यांवरून पाण्याचे अनुमान काढण्याची कल्पना अजून तीच आहे.

अनुमान असल्यामुळे त्याला मर्यादा आहेत. भारतीय मानक ७७९ प्रमाणे घरगुती मीटरचे वर्ग पाडलेले आहेत. ‘ब’ वर्गाचा १५ मिलिमीटरचा मीटर ताशी १२० लिटरच्या वर दोन टक्क्यांच्या आत बरोबर असला पाहिजे; ताशी ३० ते १२० लिटरच्या दरम्यान पाच टक्क्यांपर्यंतची चूक चालते; आणि ३० लिटरच्या खाली कसलीच हमी नाही. संडासातली फ्लशची टाकी गळत असेल आणि ताशी १० लिटर पाणी जात असेल तर पंखा बहुधा हलणारच नाही. पण ताशी १० म्हणजे दिवसाला २४० लिटर आणि वर्षाला ८७,६०० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर एका घरातून निसटतात आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो.

आता हा मीटर म्हातारा होऊ द्या. पंखा ज्या बारीक टोकावर फिरतो ते टोक झिजते. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पाण्यात क्षार असतात, ते पंख्यावर थर धरतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यातला बारीक गाळ जाळी ओलांडून आत जातो. जलवाहिनी फुटून दुरुस्त झाली की तिच्यात शिरलेली माती पुढच्या पाण्याबरोबर घरोघरच्या मीटरमध्ये जाते. पंखा जड होतो आणि जड झालेला पंखा कमी फिरतो. जुना मीटर म्हणूनच बहुतेक वेळा कमी दाखवतो, आणि सर्वांत आधी तो बारीक धारेला आंधळा होतो. जर्मनीत घरगुती पाण्याच्या मीटरची मुदत साधारणपणे सहा वर्षांची असते, ती संपली की मीटर बदलतात. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षे भिंतीत गाडलेले, काचेवर शेवाळ चढलेले मीटर दिसतात आणि त्यांच्यावर ‘सरासरी बिल’ निघत राहते.

नवा मीटर बसल्यावर ‘हा पळतो’ अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक गावात होते, तिचे मूळ इथे आहे. बरेचदा नवा मीटर पळत नसतो. जुना रेंगाळत होता. पण हे नागरिकाला सांगून पटत नाही, आणि पटू नये यातही गैर काही नाही, कारण जिथे पाणी रोज येत नाही तिथे नवा मीटर खरोखरच पळू शकतो.

जालन्यात नळाला पाणी दिवसाआड नव्हे, कित्येक दिवसांच्या अंतराने येते. मधल्या दिवसांत रस्त्याखालचे पाइप रिकामे होतात आणि त्यांत हवा भरते. व्हॉल्व्हमन चावी फिरवतो, जलकुंभातून पाणी सुटते आणि पुढच्या हवेला रेटत येते. त्या हवेला बाहेर पडायला जागा कुठे? जलवाहिनीवर हवा सोडणारे व्हॉल्व्ह असले आणि चालू असले तर तिथून. नाहीतर घरोघर वाट पाहत उघडे ठेवलेल्या तोट्यांतून. पाण्याआधी नळातून येणारी फुसफुस म्हणजे हीच हवा, आणि तिच्या वाटेत मीटर असतो. पंखा हवेचा आणि पाण्याचा भेद करत नाही. उलट हवा पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने जाते, त्यामुळे पंखा गरगर फिरतो आणि आकडे सरकतात. नागरिक म्हणतो, ‘आमच्याकडे मीटर हवेवर फिरतो.’ त्याचे म्हणणे खरे आहे. किती फिरतो हे त्या गल्लीची उंची, पाइपाची लांबी आणि हवेच्या व्हॉल्व्हची अवस्था यांवर ठरते.

हे एवढ्यावर थांबत नाही. पाण्यात फिरताना पंख्याच्या टोकाला पाण्याचेच वंगण मिळते, कोरड्या हवेत ते मिळत नाही. दर खेपेला काही मिनिटे तो कोरडा, बेफाम फिरतो आणि झिजतो. मग पाणी जोरात येऊन आदळते. पुरवठा बंद झाला की आतला ओलावा वाळतो आणि क्षारांचा थर कडक होऊन चिकटतो. रोज ओल्या राहणाऱ्या मीटरला जे दहा वर्षांत होते ते अशा मीटरला फार लवकर होते. सुरुवातीला तो हवा मोजून बिल वाढवतो, नंतर झिजून पाणी मोजायचे थांबतो. पहिल्या टप्प्यात नागरिक फसतो, दुसऱ्यात महापालिका. म्हणूनच, पाणी आठवड्याला येत असताना घरोघर मीटर बसवणे मला दोन्ही बाजूंवर अन्याय वाटते.

टिल्लू पंपाचीही यात भर पडते. एका घराने थेट नळाला मोटार लावली की जलवाहिनीतला दाब पडतो, शेजाऱ्याच्या नळातून हवा आत ओढली जाते आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणीही. बंद-चालू पुरवठ्याचा हा आरोग्याचा भाग मीटरच्या चर्चेत राहून जातो, पण तो मोठा आहे. हुबळी-धारवाडमध्ये २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले आणि बाकीचे शहर ठरावीक दिवशीच पाणी घेत राहिले. दोन्ही भागांत पाणी तेच, शुद्धीकरण तेच. संशोधकांनी नळाचे नमुने तपासले तेव्हा बंद-चालू भागात सुमारे ३२ टक्के नमुन्यांत ई-कोलाय सापडले. चोवीस तासांच्या भागात एक टक्क्याहूनही कमी. पाइप सतत दाबाखाली भरलेला असेल तर गळतीतून पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. त्याच प्रकल्पात आपल्या बेळगावचेही काही वॉर्ड होते, आणि तिथे पाइप, दाब व मीटर एकाच वेळी बदलले गेले.

महाराष्ट्रात हा क्रम नीट पाळल्याचे उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातले, कराडला चिकटलेले मलकापूर. कोयनेच्या काठचे हे छोटे शहर, तेव्हा नगरपंचायतीचे. तिथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी आधी संगणकावर सगळ्या जाळ्याचा दाब मांडून पाहिला. मग जुन्या पाइपांना ठिगळे लावत न बसता उष्णतेने सांधलेल्या प्लास्टिकच्या जलवाहिन्या टाकल्या, ज्यांच्या सांध्यांतून गळती होत नाही. घराच्या नळापर्यंत हेच. त्यानंतर दूरवरून वाचता येणारे मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर वाढणारी टप्प्यांची पद्धत आणली. २००९ च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी सुरू झाले. चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. मलकापुरात उलटे झाले. पाणी कधीही मिळते म्हटल्यावर लोक साठवायचे थांबले, आणि साठवलेले शिळे म्हणून नवे पाणी आल्यावर ओतून देणेही थांबले. मीटर भरलेल्या पाइपावर बसलेला असल्याने तो हवेवर फिरतो अशी तक्रार करायला जागाच उरली नाही.

मोठ्या शहरांत हे इतके सरळ होत नाही. पुण्याने समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ विभाग पाडायचे आणि तीन लाखांच्या घरात मीटर बसवायचे ठरवले. मीटर भिंतीवर आले, पण सगळीकडे चोवीस तास पाणी आले नाही, आणि मीटरला ठिकठिकाणी विरोध झाला. नागपुरात २०१२ पासून खासगी भागीदारीतून शहरभर काम सुरू झाले. तिथे मीटर बदलल्यावर वाढलेल्या बिलांवरून आंदोलने झाली. पाणी सुधारल्याचा अनुभव आधी आणि बिल नंतर, असे झाले तर लोक मीटर स्वीकारतात. बिल आधी आले तर मीटरच शत्रू वाटू लागतो.

परदेशातले एक शहर मात्र जालन्याने जरूर पाहावे. ते लंडन किंवा टोकियो नाही, तर युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या कंबोडियाचे नॉमपेन्ह. १९९३ मध्ये तिथे दिवसाला दहाच तास पाणी येई आणि शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्क्यांचा हिशेब लागत नसे. बहुतेक जोडण्यांना मीटर नव्हते. एक सोन चान या अभियंत्याच्या हाताखाली तिथल्या पाणी प्राधिकरणाने घरोघर फिरून ग्राहकांची खरी यादी केली, पाइप बदलले, प्रत्येक जोडणीला मीटर लावला आणि सरकारी कचेऱ्या व बड्या लोकांकडूनही बिल वसूल केले. पंधरा-सोळा वर्षांत बिनहिशेबी पाणी ६ टक्क्यांच्या आसपास आले आणि पाणी चोवीस तास झाले. चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाचा आरंभ घरांची यादी करण्यापासून झाला होता.

जालन्यात मीटरची सुरुवात मात्र घरापासून नव्हे, उलट्या टोकापासून व्हायला हवी. जायकवाडीहून निघणारे पाणी, अंबडच्या वाटेवर वळणारे पाणी, जालन्याच्या शुद्धीकरण केंद्रात शिरणारे आणि तिथून बाहेर पडणारे पाणी, घाणेवाडीहून उतरणारे पाणी आणि प्रत्येक जलकुंभाच्या तोंडाशी जाणारे पाणी, या ठिकाणी मोठे मीटर आणि त्यांची रोजची नोंद. इतक्या थोड्या मीटरांनी शहराचे निम्मे कोडे सुटते. या कामाला विद्युतचुंबकीय मीटर वापरतात. त्यात फिरणारा भागच नसतो. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिले की त्यात वेगाच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडेचे तत्त्व. त्याने स्वतः १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून टेम्स नदीच्या प्रवाहात हा दाब मोजायचा प्रयत्न केला होता. उपकरणे कमी पडली, तत्त्व टिकले. झिजायला काही नसल्याने असा मीटर वर्षानुवर्षे खरे सांगतो, मात्र पाइप पाण्याने पूर्ण भरलेला हवा.

मग एकच जलकुंभ निवडून त्याच्या हद्दीतल्या गल्ल्यांचे जाळे सुधारायचे आणि तेवढ्याच भागात सतत दाब ठेवायचा. तिथे एक सोपी तपासणी करता येते. रात्री दोन ते चारच्या दरम्यान, जेव्हा जवळजवळ कुणी पाणी वापरत नाही, तेव्हा जलकुंभातून किती पाणी जाते ते पाहायचे. ते बहुतेक सगळे गळतीचे. गळती शोधून बुजवली की हा रात्रीचा आकडा खाली येतो, आणि वाचलेल्या पाण्यावर पुढच्या जलकुंभाचा भाग घेता येतो. घरगुती मीटर अशा भागात बसवले की टिकतात. तेही आधी मोठ्या ग्राहकांचे: मंगल कार्यालये, लॉज, रुग्णालये, गाड्या धुण्याची केंद्रे. तिथला एक मीटर खरा झाला तर शेकडो घरांच्या मीटरांइतका हिशेब लागतो.

हिशेबाबाहेर जाऊ शकणाऱ्या पाण्याचा आकडा किती मोठा आहे, ते २०११ च्या जनगणनेवरून कळते. तेव्हा शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. मानकाप्रमाणे माणशी १३५ लिटर दिले तर रोजचे ३ कोटी ८५ लाख लिटर होतात. म्हातारे मीटर त्यातले नुसते दहा टक्के कमी दाखवू लागले, तर दहा हजार लिटरचे ३८५ टँकर रोज हिशेबाबाहेर जातील. आणि यात पाइपातली गळती धरलेलीच नाही.

दराबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. टप्प्यांचा दर वरवर न्याय्य दिसतो, पण जुन्या वस्त्यांत एकाच नळावर तीन-तीन बिऱ्हाडे असतात. त्यांचा एकत्र वापर वरच्या टप्प्यात जातो आणि गरिबांना बंगल्याचा दर लागतो. म्हणून मीटरच्या आधी नळामागची बिऱ्हाडे मोजली पाहिजेत आणि पहिला स्वस्त टप्पा कुटुंबांच्या संख्येने गुणला पाहिजे. तसेच नवा मीटर बसल्यावर काही महिने बिल जुन्याच दराने द्यावे आणि त्यावर नवा आकडा फक्त माहितीसाठी छापावा. घरातली गळती शोधून दुरुस्त करायला लोकांना तेवढा वेळ मिळेल.

ज्यांच्या घरी मीटर आहे त्यांनी तो खरा आहे का हे आजच तपासावे. पाणी आल्यावर फुसफुस थांबून धार स्थिर होऊ द्या. घरातल्या बाकीच्या तोट्या बंद करा, मीटरचे लाल आकडे लिहून घ्या आणि पूर्ण धारेने २० लिटरची बादली भरा. बादलीच्या खुणेवर विश्वास नसेल तर वजन करा. एक लिटर पाणी एक किलो भरते. मीटरने साडेएकोणीस ते साडेवीसच्या दरम्यान दाखवले तर तो ठीक आहे. मग तीच बादली बारीक धारेने, वीस मिनिटे लागतील अशी भरा. हा वेग ताशी ६० लिटरचा होतो. इथे १९ ते २१ यायला हवेत. बारा किंवा आठ आले तर मीटर थकला आहे. आकडा हललाच नाही तर तो मेला आहे. तसे लेखी कळवा आणि पोच घ्या.

आणि मीटर नसलेल्या जालनेकरांनी महापालिकेकडे दोनच आकडे मागावेत: जायकवाडी आणि घाणेवाडीहून काल शहरात किती पाणी आले, आणि आपल्या जलकुंभातून किती सुटले. हे दोन आकडे रोज प्रत्येक जलकुंभाच्या भिंतीवर लिहिले जाऊ लागले की घरच्या मीटरची मागणी लोक स्वतःहून करतील. तोवर आपल्या प्रभागाच्या बैठकीत हा प्रश्न दर महिन्याला विचारत राहा.